भावाची टॅक्रो लेव्हल कमी आलीय, शेजारचे म्हणतात गुळवेलीचा काढा द्या

प्रश्न (सांगलीची_ताई): माझ्या धाकट्या भावाचं ७ महिन्यांपूर्वी किडनी ट्रान्सप्लांट झालं, किडनी आईची आहे. सगळं मस्त चाललं होतं, क्रिएटिनिन (रक्तातली किडनीची तपासणी, वाढलं की किडनीचं काम कमी झालं असं समजतात) १.१ होतं, पण या महिन्यात एकदम १.५ आलं आणि टॅक्रोलिमसची (शरीराने किडनी नाकारू नये म्हणून रोज घ्यायची गोळी) रक्तातली लेव्हल ८ वरून ४ वर गेलीय. त्याला काहीच त्रास नाही, लघवी व्यवस्थित, ताप नाही, आणि डॉक्टर म्हणतात बायोप्सी करू, म्हणजे सुईने किडनीचा बारीक तुकडा काढून तपासू. घरात सगळे घाबरलेत. त्यात शेजारच्या काकू रोज येऊन सांगतात की त्याची प्रतिकारशक्ती कमी झालीय म्हणून असं होतंय, गुळवेलीचा काढा द्या. आईचीच किडनी आहे तर शरीर तिला परकं का समजेल? काय करू, प्लीज कुणीतरी सांगा.

किडनीवाला_दादा: ताई, आधी काढा बंद, दिला असेल तर डॉक्टरांना आजच सांग. मला ट्रान्सप्लांट होऊन ११ वर्षं झाली, मलाही आईनेच दिली. आईकडून आपल्याला निम्मेच जीन्स येतात ना, उरलेले निम्मे बाबांकडचे, त्यामुळे आईची किडनीसुद्धा शरीराला निम्मी परकीच. १९५४ मध्ये बॉस्टनला जोसेफ मरेंनी जे पहिलं यशस्वी ट्रान्सप्लांट केलं ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये होतं म्हणून तिथे शरीराने किडनी नाकारली नाही, बाकी आपल्या सगळ्यांना गोळ्या लागतातच. प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवायची असते, काकूंची माया खरी पण त्या उलट दिशेला ओढतायत. आणि त्रास नाही म्हणून निवांत राहू नका, रिजेक्शन, म्हणजे शरीराने किडनी नाकारणं, बऱ्याचदा फक्त क्रिएटिनिनमध्येच दिसतं.

मेडिकलवाला_कोल्हापूर: लेव्हल का पडली ते शोधा. नवीन औषध काही सुरू झालंय का? टीबीचं रिफाम्पिसिन किंवा फिटचं फेनिटॉइन असेल तर टॅक्रो जोरात खाली येते. फ्लुकोनॅझोल, क्लॅरिथ्रोमायसिन असलं काही असेल तर उलट वर जाते. ग्रेपफ्रूटनेही वर जाते, आपल्याकडचं पपनस त्याच जातीतलं, म्हणून तेही नको. दुकानदाराने कंपनी बदलून दिली का तेही बघा, डॉक्टरांना न विचारता ब्रँड बदलायचा नाही. अंगदुखीला स्वतःच्या मनाने डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन तर अजिबात नको, किडनीलाच मार बसतो. गुळवेलीबद्दल म्हणाल तर २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेऊन लिव्हरला इजा झालेल्या पेशंटांबद्दल लिहिलं होतं. आयुष मंत्रालयाने ते मानलं नाही, तो वाद बाजूला ठेवू, पण प्रतिकारशक्ती वाढवते म्हणून जी वस्तू विकली जाते ती ट्रान्सप्लांटवाल्याने घ्यायचीच कशाला.

सांगलीची_ताई: कंपनी तीच आहे, नवीन औषध पण नाही. पण आत्ता त्याला खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, दोन महिन्यांपासून सेकंड शिफ्ट लागलीय आणि रात्री ९ ची गोळी तो घरी येऊन १२ ला घेतो, कधी कधी झोपून जातो 😢 आम्हाला वाटलं रोज घेतोय.

किडनीवाला_दादा: हेच असणार बघ. त्याला ओरडू नकोस, माझंही दुसऱ्या वर्षी असंच झालं होतं, बरं वाटायला लागलं की गोळीचा विसर पडतो. डबा आणि पाण्याची बाटली कामावर न्यायची, मोबाईलला ९ चा अलार्म, सकाळ-संध्याकाळ बरोबर १२ तासांचं अंतर. टेस्टच्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावरच घ्यायची, आधी घेतली तर लेव्हल खोटी जास्त दिसते. आणि चुकलेली गोळी भरून काढायला दोन एकदम घेऊ देऊ नको, डोस डॉक्टरच ठरवतील, त्यांना शिफ्टचं खरं खरं सांगा.

नर्सबाई_पुणे: बायोप्सीला घाबरू नका. बसवलेली किडनी खाली जांघेच्या वर असते, वरवरच असते, जागा बधिर करून सुई घालतात, नंतर काही तास उताणं पडून राहायचं. थोडं लाल लघवीला येऊ शकतं, जास्त आलं तर लगेच सांगायचं. ही न करता नुसता अंदाजाने उपचार केला तर पंचाईत होते, कारण क्रिएटिनिन बीके व्हायरसनेही (प्रतिकारशक्ती दबली की किडनीत डोकं वर काढणारा विषाणू) वाढतं आणि त्यात गोळ्या कमी कराव्या लागतात, रिजेक्शनमध्ये वाढवाव्या लागतात, म्हणजे अगदी उलट. रिजेक्शन निघालंच तर सहसा तीन दिवस स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात आणि लवकर पकडलं तर बऱ्याच जणांचं आटोक्यात येतं.

सांगलीची_ताई: डॉक्टरांना फोन केला, शिफ्टचं सांगितलं, गुरुवारी बायोप्सी ठरलीय. काढा दिलाच नव्हता. काकूंना आईने समजावलं, त्या पण येतायत गुरुवारी सोबत.