केळी वाढली आणि मळ्यातला कॅमेरा अडकायला लागला, कोणता घेऊ?

मृगबाग_रावेर
राम राम मंडळी. मोटारीची केबल दोनदा चोरीला गेली, म्हणून जूनमध्ये विहिरीजवळच्या पत्र्याच्या खोलीवर वायफाय कॅमेरा बसवला. घरापासून अंतर 120 मीटर. तेव्हा रोपं गुडघ्याएवढीही नव्हती, चित्र स्वच्छ यायचं. आता केळी डोक्याच्या वर गेली आणि चित्र थांबतं, चौकटी पडतात. दुकानदार म्हणतो कॅमेरा गेला, नवा घ्या. रात्रीच्या लाईटीला वडील एकटे पाणी भरायला जातात, जीव लागून राहतो. कोणता घेऊ?

तापीकाठ
दादा, नवा घेऊ नका. कॅमेरा चांगला आहे, मध्ये पाण्याची भिंत उभी राहिली आहे. केळीचा खांब काय नि पान काय, बहुतेक पाणीच. आणि पाणी रेडिओ लहरी शोषून घेतं.

जूनपासून सिग्नल हळूहळू उतरत गेला असणार, तुम्हाला कळलं नाही इतकंच. जुन्या अॅनालॉग कॅमेऱ्यात सिग्नल उतरला की मुंग्या यायच्या, आधीच समजायचं. डिजिटलमध्ये कॅमेरा चित्राचे आकडे करतो, दाबून लहान करतो आणि पाकिटं करून पाठवतो. राउटरकडून पोच आली नाही की तेच पाकीट पुन्हा पाठवतो, वेगही कमी करतो. त्यामुळे बराच काळ चित्र जसंच्या तसं दिसतं, आणि एका हद्दीखाली गेलं की एकदम अडकतं. चौकटींचं कारण वेगळं. पूर्ण चित्र काही सेकंदांनी एकदाच जातं, मधे फक्त बदललेला भाग. तो हरवला की पुढचं पूर्ण चित्र येईपर्यंत चौकटी तशाच राहतात.

आधी एक करा. कॅमेऱ्याच्या अॅपमध्ये सिग्नलचा आकडा बघा, मग कॅमेरा शिडीवर केळीच्या वर धरून पुन्हा बघा. हा आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. -65 च्या आसपास असेल तर उत्तम, -80 च्या खाली गेला तर काम अवघड.

धुळेकर_वायरमन
बरोबर भो. आणि कोणी 5 गीगाहर्ट्झचा कॅमेरा सुचवला तर नको म्हणा, पानांतून त्याचा सिग्नल वायफायच्या नेहमीच्या 2.4 गीगाहर्ट्झपेक्षाही कमी जातो. लॅनची केबलही 100 मीटरपर्यंतच. मी वायरलेस ब्रिजची जोडी, म्हणजे दोन टोकांत वायरशिवाय नेट नेणारी दोन यंत्रं, लावेन, एक गच्चीवर, एक खोलीवर, एकमेकांसमोर. हा 5 गीगाहर्ट्झवरच चालतो, पण केळीच्या वरून. दोन्ही बाजूंना लोखंडी पाईप उंच घ्या. नुसतं समोरचं टोक दिसून भागत नाही, मधोमध रेषेच्या चहूबाजूंनी सव्वा मीटर मोकळं हवं. पानं अजून वाढतील ते धरून चाला. मळ्यात लाईट पाळीनं येते, तेव्हा सोलर आणि बॅटरी लागेलच.

तापीकाठ
कॅमेऱ्यात मेमरी कार्डही टाका. लिंक तुटली तरी रेकॉर्डिंग तिथं राहतं. आणि पासवर्ड कंपनीचा ठेवू नका.

मृगबाग_रावेर
आज सकाळी शिडी लावून बघितलं. जागेवर -84, केळीच्या वर -66! वडीलही खाली उभे राहून बघत होते. गच्चीसाठी वीस फुटी पाईप सांगितला आहे, ब्रिजची जोडी परवा जळगावहून आणतो. धुळेकर भाऊ, पाईपाला अर्थिंग वेगळं करायचं की घराच्याच अर्थिंगला जोडायचं?