हाडांवरच्या खाचाखोचा पाठ करायच्या तरी कशाला?

कंटाळलेला_कार्टा
फर्स्ट इयर, ॲनाटॉमी, डोक्याचा पार भुगा. राग आला तर येऊ दे पण बोलतोच. २०६ हाडांपैकी १२६ हातापायांत आहेत, ती पाठ करायला माझी ना नाही. पण प्रत्येकावरचा प्रत्येक उंचवटा, खाच, रेघ आणि तिथं कुठला स्नायू चिकटतो हे कशाला हवंय? आता अल्ट्रासाउंडचा प्रोब टेकवला की नर्व्ह, रक्तवाहिनी सगळं स्क्रीनवर दिसतं. व्हायवात (तोंडी परीक्षेत) कोरडी फीमर, म्हणजे मांडीचं हाड, हातात देऊन लिनिया ॲस्पेरावर (तिच्या मागच्या उभ्या रेघेवर) काय काय चिकटतं विचारायचं म्हणजे निव्वळ छळ आहे.

कॅज्युअल्टीवाली
स्क्रीन चालू होईस्तोवर बोट पोचलेलं असतं बाळा. पोरगं हातावर पडलंय, कोपर सुजलंय. आधी नाडी बघायची, मग कोपराचे तीन बिंदू चाचपायचे, आतला एपिकाँडाइल, बाहेरचा एपिकाँडाइल (कोपराच्या दोन बाजूंचे उंचवटे) आणि मागचं ओलेक्रेनॉन (कोपराचं टोक). हात सरळ असताना तिन्ही एका रेषेत येतात, कोपर वाकवलं की त्रिकोण होतो. ह्युमरस, म्हणजे दंडाचं हाड, खाली एपिकाँडाइलच्या वर मोडला असेल तर त्रिकोण जसाच्या तसा राहतो, सांधा निखळला असेल तर बिघडतो. एक्स-रे काढायचाच आहे, पण तोवर काय समोर आहे ते बोटांना कळलेलं असतं.

भूल_देतो_पण_खरी
कार्ट्याच्या बाजूने. सूज जास्त असली की तुमचा त्रिकोण सापडतो का हो मॅडम? जाड पेशंटमध्ये कमरेच्या हाडाचं पुढचं टोकसुद्धा हाताला लागत नाही. मी ब्लॉक (नर्व्हजवळ सुई देऊन तेवढाच भाग बधिर करायचा) प्रोब लावूनच देतो कारण नर्व्ह आणि धमन्या माणसागणिक थोड्या इकडेतिकडे असतात, हाड सांगतं ते सरासरी माणसाचं.

सुई_टोचणारी
आणि खांद्यात इंजेक्शन देताना? ॲक्रोमियन (खांद्याच्या वरचं हाडाचं टोक) चाचपून दोन-तीन बोटं खाली, तिथे प्रोब लावणारा अजून भेटायचाय मला. फार वर टोचलं तर सुई बर्सात (सांध्याजवळच्या पातळ पिशवीत) जाते आणि पेशंट खांदा धरून परत येतो.

कंटाळलेला_कार्टा
अहो हे सगळं हाताला लागणारं आहे, त्याच्याशी माझं भांडणच नाही. फिब्युलाच्या (पायाच्या बाहेरच्या बाजूच्या बारीक हाडाच्या) मानेला, गुडघ्याच्या जरा खाली, वळसा घालून कॉमन पेरोनियल नर्व्ह जाते, तिथे मार बसला की पाऊल लुळं पडतं, हे एकदा ऐकलं ते डोक्यात बसलं. माझा राग कातडीखाली कधीच न लागणाऱ्या रेघांवर आहे. विषय बदलू नका.

हाडाचा_डॉक्टर
बरं, न लागणाऱ्याचंच घेऊ. लेसर ट्रोकँटर, फीमरच्या वरच्या टोकाजवळचा छोटा उंचवटा, मांडीच्या आत खोल, बोटाला लागत नाही. तिथे मांडी वर उचलणारा इलिओसोअस स्नायू चिकटतो. आता फीमर ट्रोकँटरच्या जरा खाली मोडली की वरचा तुकडा हा स्नायू पुढे वर उचलतो, ग्रेटर ट्रोकँटरवरचे (बाहेरच्या मोठ्या उंचवट्यावरचे) ग्लुटियस मीडियस आणि मिनिमस हे कुल्ल्याचे स्नायू त्याला बाहेर ओढतात, वर तो बाहेरच्या बाजूला फिरतो ते वेगळंच. हे माहीत नसेल तर एक्स-रेत तुकडा असा वेडावाकडा का उभा राहिलाय ते कळत नाही आणि खालचा पाय कितीही ओढला तरी वरचा तुकडा जागेवर येत नाही, कारण त्याला ओढणारे वेगळेच आहेत. घोटा मुरगळल्यावर पाचव्या मेटाटार्सलच्या (पावलातल्या करंगळीकडच्या लांब हाडाच्या) बुडाचा टवका उडतो तिथेही तीच गोष्ट, त्या बुडाला पेरोनियस ब्रेव्हिस हा स्नायू आणि तळव्याच्या फॅशियाचा (चिवट पडद्याचा) पट्टा धरून असतो. चिकटण्याची जागा म्हणजे ओढ कुठून लागते ती जागा रे.

भूल_देतो_पण_खरी
छान, पण हे तुमच्या तीन वर्षांच्या ट्रेनिंगमध्ये शिका की. उद्या डोळ्यांचा डॉक्टर होणाऱ्या पोराला सोलियल लाइनवरून (नडगीच्या हाडामागच्या रेघेवरून) नापास कशाला करायचं?

कंटाळलेला_कार्टा
हेच्च. लेसर ट्रोकँटर घेतला पदरात, सोलियल लाइन नाही.

हाडाचा_डॉक्टर
डोळ्यांचा डॉक्टर होण्याआधी इंटर्नशिप आहे ना. रात्री तो एक्स-रे सगळ्यात आधी तुझ्याच हातात येणार, मी तेव्हा झोपलेला असेन. सोलियल लाइनवर मात्र मीही नापास करणार नाही.

कॅज्युअल्टीवाली
मी करेन :D