प्रतिसाद: 'डिझाइनचं पेटंट काढा, कोण हात लावतोय!'

वर कुणीतरी 'डिझाइनचं पेटंट काढा' म्हटलंय, पण तसलं पेटंट आपल्याकडे नसतं हो. पेटंट वेगळं, डिझाइन नोंदणी वेगळी. डिझाइनचा कायदा २००० सालचा. नोंदणी १० वर्षांची, पुढे ५ वर्षं वाढवून मिळते.

माझा कुपवाड एमआयडीसीत छोटा कारखाना आहे. तासगाव भागातल्या द्राक्षबागांसाठी ट्रॅक्टरवरच्या ब्लोअरची, म्हणजे औषध फवारायच्या यंत्राची टाकी बनवली. मांडवाखालून जाताना काड्या अडकू नयेत म्हणून टाकीच्या खांद्याला दोन्हीकडून उतार दिला. हौसेनं कृषी प्रदर्शनात मांडली, फोटो व्हॉट्सॲपवर गावभर फिरवले. दोन महिन्यांत तशीच टाकी, फक्त रंग निळा, शेजारच्या तालुक्यात विकायला!

वकिलांकडे गेलो तर पहिलाच प्रश्न, "अर्ज आधी की फोटो आधी?" फोटो आधी, म्हणजे नोंदणीला लागणारं नावीन्य संपलं. प्रदर्शनासाठी सवलत आहे, पण कंट्रोलरला (डिझाइन नोंदणीचा सरकारी अधिकारी) आधी कळवायचं आणि ६ महिन्यांत अर्ज करायचा. आम्ही कशाला कळवतोय! शिवाय वकिलांनी सांगितलं, उतार कामापुरताच असेल तर तो डिझाइनमध्ये बसतच नाही. तिथं फक्त डोळ्यांना दिसणारं रूप धरतात.

आणि समजा नोंदणी असती, तरी नकलेमागे कायद्यातली ठरीव रक्कम जास्तीत जास्त २५,००० रुपये, एका डिझाइनला एकूण ५०,०००. त्याऐवजी नुकसानभरपाई आणि मनाईहुकमाचा दावा लावता येतो, पण त्या तारखांना जाणार कोण, टाक्या कोण बनवणार? तरी नव्या मॉडेलचा अर्ज केलाय. या वेळी पोरांना आधीच बजावलंय, पावती हातात येईपर्यंत स्टेटसला फोटो नाही.