एमएसी संसर्ग (एनटीएम): गोळ्या चालू असलेलं कुणी आहे का इथे?

टाकेदोरे
नमस्कार मंडळी. मी इचलकरंजीची, वय ५३, घरीच शिवणवर्ग घेते. लग्नाआधी टीबी झाला होता. कोर्स पूर्ण केला, बरी झाले. उजव्या फुफ्फुसाचा वरचा भाग मात्र तेव्हापासून खराब आहे, तिथल्या श्वासनलिका रुंदावल्यात (ब्रॉन्किएक्टेसिस). गेल्या पावसाळ्यात खोकला हटेना, बेडका पिवळा पडायला लागला, संध्याकाळी कणकण, वजन उतरलं. थुंकीत जंतू दिसले म्हणून पुन्हा टीबीच धरून गोळ्या सुरू झाल्या. कल्चरचा (थुंकीतले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) रिपोर्ट आला तेव्हा कळलं, हा टीबीचा जंतू नाहीच. त्याच्याच जातकुळीतला मायकोबॅक्टेरियम एव्हियम कॉम्प्लेक्स, म्हणजे एमएसी. जातकुळीतल्या अशा टीबी नसलेल्या जंतूंना एनटीएम म्हणतात. पाण्यात, मातीत सगळीकडे असतो, धडधाकट माणसाला सहसा काही करत नाही, आधीच दुखावलेल्या फुफ्फुसात घर करतो.

आता क्लॅरिथ्रोमायसिन, रिफॅम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल चालू आहे. थुंकीचं कल्चर निगेटिव्ह आलं की तिथून पुढे १२ महिने गोळ्या घ्यायच्यात, आणि माझं अजून निगेटिव्ह आलेलं नाही. तोंड दिवसभर कडू असतं, चहासुद्धा गोड लागत नाही. इथॅम्ब्युटॉलने लाल-हिरवा रंग ओळखण्यात फरक पडू शकतो, आणि माझं तर पोटच रंगांवर आहे. म्हणून दर रविवारी रिळांचा डबा घेऊन बसते. एक डोळा झाकायचा, मुलगी एकेक रीळ पुढे धरते, मी रंग सांगायचा. मग दुसरा डोळा. शेंदरी आणि लाल जवळ धरले की छातीत धस्स होतं, पण अजून तरी बरोबर सांगतेय. डोळ्यांच्या डॉक्टरांची तपासणी वेगळी होतेच.

गोळ्यांचं डॉक्टर नीट समजावतात. पण आख्ख्या गावात हे दुखणं असलेलं दुसरं माणूस मला माहीत नाही. घरी सगळे 'टीबी उलटला' असंच म्हणतात. नणंद आली की तिच्या नातवाला माझ्यापासून लांब बसवते. वर्गात उबळ आली की सगळ्या मशिनी थांबतात, आणि दुसऱ्या दिवशी एखादीच्या आईचा फोन येतो. हा एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही हे किती जणांना सांगू? या गोळ्या गिळून पार पडलेलं, किंवा सध्या गिळत असलेलं कुणीतरी बोलायला हवं आहे. असं कुणी कुठे भेटतं?

ब्रह्मगिरी
ताई, मी नाशिकचा. एमएसी नाही, पण ब्रॉन्किएक्टेसिस लहानपणच्या डांग्या खोकल्यापासून आहे, त्यामुळे बेडक्याचं दुःख पुरेपूर जाणतो. छाती साफ करायचं कुणी शिकवलंय का तुम्हाला? माझ्याकडे वर्षानुवर्षं नुसत्या गोळ्या होत्या. पुढे एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी शिकवलं आणि दिवस बदलले. सकाळी चहाच्या आधी बसतो. थोडा वेळ अगदी शांत, पोटाने श्वास. मग खोल श्वास घेऊन दोन-तीन सेकंद धरायचा आणि सावकाश सोडायचा, असं तीन-चारदा. मग हफ. तोंड उघडं ठेवून, चष्म्याच्या काचेवर वाफ सोडतो तसा 'हाऽ' करून जोरात श्वास सोडायचा. खोकायचं नाही. बेडका घशाशी आला की मगच एकदा खोकून टाकायचा. पुन्हा शांत श्वास, पुन्हा सगळं. खोकून खोकून बरगड्या दुखवून घ्यायची गरज राहत नाही. मी त्याआधी ३ टक्के मिठाच्या पाण्याचं नेब्युलायझेशन घेतो. ते मात्र डॉक्टरांनी सांगितलं तरच घ्या, काहींची छाती त्याने आवळते. नेब्युलायझरचा कप रोज धुऊन, उकळून, पूर्ण वाळवून ठेवायचा. नळाचं पाणी त्यात कधीच घालायचं नाही.

हे दिवसातून दोनदा, वर्गाच्या आधी एकदा केलंत तर दुपारची उबळ पुष्कळ कमी होईल. आणि माणसं भेटायचं म्हणाल तर मला तिथेच भेटली. फुफ्फुसांच्या व्यायामाचे वर्ग असतात, पल्मनरी रिहॅब म्हणतात. मोठ्या छाती-रोग विभागांत चौकशी करा. आमच्या वर्गातले सगळे वेगवेगळ्या दुखण्यांचे होते, कुणी दमेकरी, कुणाचं टीबीनंतरचं फुफ्फुस. पण जिना चढताना मध्येच थांबलं तर कुणी विचारत नव्हतं, का थांबलात म्हणून. तो ग्रुप व्हॉट्सअॅपवर अजून चालू आहे.

सायकलस्वार७१
मी टीबी कार्यक्रमात काम करून निवृत्त झालो. टाकेदोरे ताईंसारख्या केसेस पाहिल्यात, म्हणून लिहितो. सूक्ष्मदर्शकाखाली टीबीचा जंतू आणि हे एनटीएमवाले एकसारखेच लाल दिसतात. सीबीनॅट ही थुंकीची झटपट तपासणी फक्त टीबीचा शोध घेते. थुंकीत जंतू दिसतायत आणि सीबीनॅट निगेटिव्ह, असं आलं की एनटीएमची शंका घ्यायची आणि कल्चर करून जात ओळखायची. एकदाच कल्चरमध्ये सापडला म्हणून लगेच आजार ठरत नाही, कारण हा पाण्यातूनही नमुन्यात येतो. दोन वेगवेगळ्या दिवशीच्या थुंकीत तोच जंतू, सोबत लक्षणं आणि सीटी स्कॅन, असं सगळं जुळावं लागतं. इतर वाचणाऱ्यांसाठी हे सांगतोय, कारण जुना टीबी असलेल्यांना चुकीच्या गोळ्या महिनोन् महिने चालतात.

अडचण अशी की एनटीएम ठरला की टीबीच्या योजना लागू होत नाहीत. निक्षय पोषणचे (टीबी रुग्णाच्या आहारासाठी सरकार देतं ते) महिन्याचे १००० रुपये नाहीत, केंद्रावरच्या मोफत गोळ्या नाहीत. क्लॅरिथ्रोमायसिनचा खर्च अंगावर येतो, आणि तो टाळायला लोक गोळ्या कमी करतात. किंवा पोट बिघडलं म्हणून दोन बंद करून एकच चालू ठेवतात. तसं अजिबात करू नका. क्लॅरिथ्रो किंवा तिच्याच गटातली अझिथ्रो एकटी घेतली तर जंतू तिला दाद देईनासा होतो, आणि मग हातात फार थोडं उरतं.

सोबतीसाठी तुमच्या टीबी केंद्रात 'टीबी चॅम्पियन'बद्दल विचारा. टीबीतून बरे झालेले, इतर रुग्णांना आधार देणारे लोक असतात ते. आजार वेगळा असला तरी वेगळं ताट, फोन करणाऱ्या आया, हे सगळं ते भोगून आलेत.

उत्तररात्र
मी न्यू जर्सीत असते. आईला एमएसी होता, तिची दीड वर्षाची ट्रीटमेंट इथेच झाली. इकडे एनटीएम इन्फो अँड रिसर्च नावाची संस्था आहे. फर्न लाइटमन यांना स्वतःला हा आजार होता, त्यांनी आणि त्यांचे पती फिलिप यांनी ती सुरू केली. त्यांच्या साइटवर रुग्णांसाठी भरपूर माहिती आहे, आणि सीओपीडी फाउंडेशनने सुरू केलेला ब्रॉन्किएक्टेसिस-एनटीएमवाल्यांचा ऑनलाइन ग्रुपही आहे. सगळं इंग्रजीत, पण मुलगी वाचून दाखवेल. फक्त तिथलं कुणी म्हणालं मी अमुक औषध बदललं, तर ते आपल्या डॉक्टरांना विचारायचं, परस्पर करायचं नाही. आईला मात्र त्या माहितीपेक्षा इथल्या एडिसन गावच्या एका तमिळ मावशींचा जास्त आधार झाला. दोघी मोडक्या इंग्रजीत रोज फोनवर आज काय जेवलीस एवढंच बोलायच्या. एमएसीत उतरलेलं वजन जेवणाशिवाय चढत नाही.

पाण्याचं थोडं. बंद बाथरूममध्ये शॉवरची वाफ टाळा, बादली बरी. कुंड्यांची माती कालवताना मास्क लावा.

कृष्णाकाठची
टाकेदोरे ताई, मी सांगलीची! क्लॅरिथ्रो, रिफॅम्पिसिन, इथॅम्ब्युटॉल, तीच तिन्ही माझी. माझं कल्चर दिवाळीत निगेटिव्ह आलं, पण आधी तीनदा पॉझिटिव्ह आलं होतं, तेव्हा धीर सोडू नका. जाऊबाईंना मी डॉक्टरांकडे सोबत घेऊन गेले. माझं ऐकत नव्हत्या, डॉक्टरांचं ऐकलं. आता माझ्या ताटातलं लोणचं उचलतात. विपू (विचारपूस, इथला निरोप) केलीय, बघा.

टाकेदोरे
सगळ्यांचे मनापासून आभार. ब्रह्मगिरी दादा, आज सकाळी हफ करून बघितलं, बेडका खरंच सुटला. छातीच्या डॉक्टरांकडे मिठाच्या पाण्याचं आणि रिहॅबचं विचारते, पुढच्या मंगळवारी तारीख आहे. नणंदेलाही चल म्हटलंय, 'बघू' म्हणाली.

सांगलीच्या ताई, तुमचं वाचून मी रडले, खरंच. इतक्या जवळ! विपूला उत्तर दिलंय, नंबरही दिलाय. दुपारी एक ते तीन वर्ग असतो, तेवढं सोडून कधीही फोन करा. आणि एक सांगा, क्लॅरिथ्रो तुम्ही जेवून घेता का? मला रिकाम्या पोटी फार मळमळतं, आणि कडूपणावर काही केलंत का?