मदत हवी आहे: रब जळून काळा, चिकन हाडाजवळ कच्चं, आणि धुराचा वास फक्त स्वेटरला (इंदूर)

जुनी_पलासिया

नमस्कार मंडळी,

संक्रांतीनंतरच्या रविवारी आमच्या गच्चीवर वीस-पंचवीस माणसं जमणार आहेत. निम्मे सामिष, निम्मे शाकाहारी, आणि सासूबाई दोन्ही बाजूंवर नजर ठेवून. दिरांनी परदेशातून बार्बेक्यू रबचा (मांसाला चोळायच्या कोरड्या मसाल्याचा) डबा आणला होता, तो संपला. डब्यावर छापलेलं असं: स्मोक्ड पॅप्रिका, ब्राउन शुगर, मीठ, लसूण पूड, कांदा पूड, मिरी, जिरे, मोहरी. तसाच घरी करायचा आहे.

लोहाराकडून अर्ध्या ड्रमची शेगडी झाकणासकट करून घेतली आहे. कोळसा टालीवरचा (वखारीतला), तळभर पसरते. लेग पीसला रब चोळून जाळीवर ठेवला की पाच-सात मिनिटांत वरून काळाकुट्ट आणि कडू, हाडाजवळ मात्र लाल. धुराची चव नावालाही नाही.

स्मोक्ड पॅप्रिका ऑनलाइन मिळते, पण इतक्या माणसांसाठी परवडणार नाही. सियागंजच्या घाऊक बाजारात जाऊन काय मागू? साखर गाळूनच टाकू का? मटणाची रान (अख्खी मांडी) घ्यावी की चाप (बरगडीचे तुकडे)? आणि शाकाहारी मंडळींना पनीर-भुट्टा सोडून काय देता येईल? कृपया "तयार तंदुरी मसाला वापरा" असं सांगू नका. तो डबा घरात आहे, त्याचा प्रश्न नाही.

निखारा

ताई, मसाल्याला उगाच बोल लावताय. कोळसे तळभर पसरलेत, तिथेच गोची आहे.

साखर साधारण १६० अंश सेल्सियसच्या पुढे तांबूस व्हायला लागते, आणखी तापली की करपते. लाल निखाऱ्याच्या थेट वर जाळीपाशी त्याहून कितीतरी जास्त उष्णता असते. साखर गाळलीत तरी मिरची आणि लसूण पूड जळणारच, कडूपणा त्यांचाही असतो. म्हणून सगळे निखारे ड्रमच्या एका कडेला ओढा, दुसरी कड रिकामी ठेवा आणि चिकन त्या रिकाम्या बाजूला मांडा. झाकणाला भोक असेल तर ते चिकनच्या डोक्यावर येईल असं फिरवा, म्हणजे धूर निखाऱ्यावरून निघून चिकनवरून जाऊन मग बाहेर पडतो. झाकण सारखं उघडून बघू नका.

लेग पीसला आतली हवा १५० ते १७० अंश चालते, पाऊण तास ते तास लागेल. हाडाजवळ ७४ अंश झाले की खायला सुरक्षित, पण तंगडीचं मांस ८०-८५ ला जास्त मऊ लागतं. शेवटी दोन मिनिटं निखाऱ्यावर धरा, रंग येतो. सुईचा डिजिटल थर्मामीटर घ्याच. बोटाने दाबून कळतं म्हणणारे पुष्कळ भेटतात, त्यांच्याकडे मी पाहुणा म्हणून जात नाही.

आणि धूर मसाल्यातून येत नाही हो, लाकडातून येतो. कोळसा नीट पेटला, त्यावर पांढरी राख धरली की त्याला धूर जवळजवळ नसतोच. त्यावर पेरू, आंबा किंवा जांभळाच्या वाळक्या लाकडाचे मुठीएवढे दोन तुकडे ठेवा. पातळ, निळसर धूर निघाला तर उत्तम. दाट पांढरा धूर निघत असेल तर लाकूड नुसतं धुमसतंय, खालची हवा वाढवा, नाहीतर चिकनला डांबरासारखी चव येते. तुकडे पाण्यात भिजवायची गरज नाही. आधी वाफ निघते, धूर मागाहून, बाकी काही साधत नाही.

सराफा_रात्री_बारा

भिया, इंदुरात राहून रबसाठी परदेशी डबे? जीरावन आहे ना! जिरे, धने, बडीशेप, सुंठ, लवंग, हिंग, आमचूर, काळं मीठ... पोह्यांवर पडतं, गराडूवर (थंडीतल्या त्या कंदावर) पडतं, कोंबडीवर का नको?

सुंठमिरी

@सराफा, जीरावन हवंच, पण भाजण्याआधी नको. आमचूर आणि काळं मीठ तासभर धुरात राहिलं की आंबटपणा बोथट होतो आणि काळ्या मिठाचा तो खास गंधकी वासही विरतो. खाली उतरवल्यावर गरम असतानाच भुरभुरवा, वर लिंबू. आणि त्यात मीठ असतंच हे लक्षात ठेवून आधीचं मीठ कमी करा.

आता स्मोक्ड पॅप्रिका. स्पेनच्या एक्स्त्रेमादुरा भागातली ला व्हेराची पॅप्रिका नावाजलेली आहे. तिथे मिरच्या ओकच्या धुरावर साधारण दोन आठवडे वाळवतात आणि मग दळतात, म्हणजे धूर मिरचीतच मुरलेला असतो. आपल्याकडे तसा मुरलेला धूर हवा असेल तर बडी इलायची घ्या. सिक्कीमकडे ती भट्टीवर लाकडाच्या धुरातच वाळवतात. सालं फोडून आतले काळे दाणे हुंगून बघा, कापूर आणि धूर एकदम नाकात जातो. रंगासाठी काश्मिरी किंवा ब्याडगी मिरची. निमाडातली बेडियाची मिरची घेतलीत तर रंग येईल पण पाहुणे पाणी मागत फिरतील, म्हणून चमचाभरच.

माझं प्रमाण, साधारण दोन किलो चिकनसाठी: काश्मिरी मिरची पूड चार मोठे चमचे, भाजलेल्या जिऱ्याची पूड दोन, धने पूड एक, भरड मिरी एक, लसूण पूड एक, सुंठ आणि मोहरी पूड अर्धा-अर्धा, सहा बडी इलायचींचे दाणे कुटून, आणि गूळ पावडर दीड चमचा. निखारा म्हणतात तसं निखारे बाजूला ठेवलेत तर गूळ अजिबात जळत नाही, उलट वर छान चकाकी धरतो. गूळ खडा घेऊन किसू नका, ओलसर असतो, गोळे होतात.

रबमध्ये मीठ घालायचंच नाही. मीठ आदल्या रात्री, किलोला १० ते १२ ग्रॅम, नुसतं चोळून फ्रिजमध्ये उघडं ठेवायचं. आधी पाणी सुटतं, मग ते मिठासकट परत आत जातं आणि वरचा भाग कोरडा होतो. कोरड्या भागावर मसालाही नीट बसतो. इथे बहुतेक दुकानात चिकन कातडी काढूनच देतात, त्यामुळे रबच्या आधी तेलाचा हात फिरवा, नाहीतर जाळीला चिकटून मसाला तिथेच राहतो.

महूवाला

रानच घ्या. चाप पातळ असतात, त्या थेट निखाऱ्यावर भराभर होतात, त्यांना धूर लागायला वेळच मिळत नाही. पण आपलं मटण म्हणजे बोकड, चरबी कमी. तेव्हा रानेला सावकाश जाऊ द्या. आतली हवा ११० ते १२० अंश, दीड-दोन किलोच्या रानेला चार-पाच तास धरून चला. मांसाचा चिवटपणा ज्या कोलॅजनमुळे असतो ते हळूहळू विरघळून जिलेटिन होतं, त्याला तापमानाइतकाच वेळही लागतो. मध्ये ६५-७० अंशांच्या आसपास थर्मामीटरचा काटा तासभर हलतच नाही. घाबरून कोळसा वाढवू नका. माठातलं पाणी जसं पाझरून गार राहतं तसं मांसातलं पाणी उडताना त्याला गार ठेवतं. वरचा रंग मनासारखा झाला की चार चमचे यखनी (मटणाचं पाणी) घालून फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा, काटा पुढे सरकतो. ९० ते ९५ ला सुई लोण्यात गेल्यासारखी गेली पाहिजे. मग अर्धा तास झाकून ठेवा, लगेच कापू नका.

कच्ची पपई लावायचा मोह होईल. इतक्या सावकाश भाजणीत तिची गरज नाही, आणि रात्रभर लावून ठेवलीत तर मांसाचा पिठूळ लगदा होतो.

खवय्या_रामबाग

झाबुआचा कडकनाथ कोंबडा आणला तर? २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, भाव खाऊन जाईल.

महूवाला

भाव खाईलच, आणि दातही. कडकनाथ चिवट आणि बिनचरबीचा, त्याला रस्सा आणि भरपूर वेळ लागतो. शेगडीवर तो वाळून जाईल. पाहुण्यांना मिरवायचाच असेल तर खाली स्वयंपाकघरात कुकरला लावा.

जुनी_पलासिया

बापरे, एवढी माहिती! निखारा, तुमचं पटलं, कोळसे आता कडेलाच. पण एक विचारायचं राहिलं. ड्रम नवाच आहे, आतून निळसर रंग आहे आणि जाळी चकचकीत पांढरी दिसते. तसंच वापरू ना?

निखारा

थांबा! आधी ड्रम रिकामा ठेवून दोन तास धगधगतं लाकूड जाळा, रंग पूर्ण उडू द्या, थंड झाला की तारेच्या ब्रशने घासून आतून खाण्याचं तेल फिरवून परत तापवा. ड्रममध्ये आधी काय होतं ते लोहाराला विचारा. रसायनाचा असेल तर तो कुंड्या लावायला ठेवा. चकचकीत पांढरी जाळी जस्ताच्या मुलाम्याची असण्याची शक्यता आहे, ती जास्त तापली की जस्ताचा विषारी धूर निघतो. स्टेनलेस स्टीलची जाळी बनवून घ्या, महाग पडत नाही.

आणि गच्चीवर थंडी वाजते म्हणून चारी बाजूंनी ताडपत्री लावू नका. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना वास ना रंग. वाऱ्याच्या एका बाजूला आडोसा पुरे. सरपणात प्लायवूड, रंगवलेल्या फळ्या, चीडाचं (पाइनचं) लाकूड यातलं काही नको.

माळव्यातली_मावशी

शाकाहाऱ्यांचं कुणी बोलेचना, म्हणून मीच लिहिते.

हंगामात गराडू सोडून पनीर कशाला? सोलताना हाताला तेल लावा, खाज सुटते. मोठे तुकडे मिठाच्या पाण्यात अर्धवट उकडून घ्या, निथळून तेल-रब चोळा आणि धुरात वीस-पंचवीस मिनिटं ठेवा. मग निखाऱ्यावर कडा कुरकुरीत करून जीरावन आणि लिंबू. तळलेल्याची सर येते की नाही यावर आमच्या घरी भांडण आहे, पण ताटलीत उरत मात्र नाही. कडा फुटतात तिथे मसाला आत शिरतो, तोच तुकडा आधी उचलायचा.

रताळी सालासकट निखाऱ्याच्या कडेला. सोललेले शेंगदाणे आणि मखाणे ताटात पसरून, जरा तूप, रब आणि मीठ घालून रिकाम्या बाजूला ठेवले की पंधरा-वीस मिनिटांत धुरकट चकणा तयार. मखाणे आधी कोरडे भाजून घ्या, धुरात एकटे कुरकुरीत होत नाहीत. पनीर घ्यायचंच तर दोन बोटं जाड, आणि धुरात दहा मिनिटांवर नको. ते धूर पटकन ओढतं, मग नुसतं राखेसारखं लागतं.

आणि बाफले! गव्हाच्या कणकेचे ते गोळे तर आपले मुळात कंड्यावरचेच (गोवऱ्यांवरचेच). उकडून घेतलेले बाफले धुराच्या बाजूला मांडा, वरून तुपात बुडवा. सासूबाई खूश.

सासूबाईंचा दुसरा प्रश्न न विचारताच सांगते. जाळी वेगळी, चिमटा वेगळा, आणि शाकाहारी आधी भाजून काढायचं. एकाच झाकणाखाली दोन्ही ठेवलंत तर धूर सगळीकडे फिरतो, तेव्हा त्यांना चालणार नसेल तर एक छोटी शेगडी निराळीच मांडा. रबसुद्धा दोन वाट्यांत आधीच काढून ठेवा. कच्च्या चिकनला लावलेले हात वाटीत गेले की ती वाटी संपली.

सुंठमिरी

मावशी +१. बाफल्यांचा मुद्दा मला सुचलाच नव्हता.

जुनी_पलासिया ताई, सियागंजची यादी: काश्मिरी मिरची अख्खी (पूड घेऊ नका, घरी दळा), बडी इलायची, गूळ पावडर, सुंठ, पिवळी मोहरी. इलायची घेताना एक फोडून दाखवायला सांगा. आतले दाणे चिकट आणि काळे असले तर घ्या, सुकून भुसा झालेले असले तर पुढच्या दुकानात.

जुनी_पलासिया

ठरलं तर. रान एक, लेग पीस, गराडू, शेंगदाणे, बाफले. शाकाहारी शेगडी वेगळी, सासूबाईंनी स्वतःच निवडून दिली. जाळीचं सांगून आले. शेवटचं: रानेला पाच तास म्हणजे मध्ये कोळसा घालावाच लागेल. नुसता वरून टाकू का? आणि किती आणू?

महूवाला

वरून कच्चा कोळसा टाकलात तर परत तोच कडू पांढरा धूर. बाजूला जुन्या पाटीत किंवा मावशींच्या छोट्या शेगडीत थोडा थोडा पेटवत ठेवा, राख धरली की चिमट्याने उचलून निखाऱ्यांच्या कडेला लावा. पाऊण-एक तासाने चार-पाच तुकडे पुरतात. टालीवरून पाच किलो बाभळीचा आणा, ठोकळ्या-ठोकळ्यांचा, खालचा चुरा नको. रान सकाळी दहाच्या आत चढवा, म्हणजे संध्याकाळी लेग पीससाठी ड्रम मोकळा मिळेल.