काळ्या मसाल्यातले झिंगे कडक होतात, रस्सा पाणचट होतो

तापीकाठ:
जळगावात झिंगे मिळतात ते बर्फातले, नाहीतर गोठवलेल्या पाकिटातले. अर्धा किलो सोललेले आणून काळ्या मसाल्यात मटणासारखे रटरटवले की आकसून कडक होतात, वर रश्श्याला पाणी सुटतं. किती वेळ शिजवायचे? आधी लिंबू लावून ठेवावं का?

अमळनेरी:
मटणाचा हिशेब इथे चालत नाही. मध्यम झिंग्याला उकळत्या रश्श्यात तीन मिनिटं पुरतात. म्हणून रस्सा आधी पूर्ण तयार करायचा, झिंगे शेवटी.

अर्धा किलोला दोन कांदे आणि अर्धी वाटी सुकं खोबरं काळपट भाजून घ्या. दहा-बारा लसूण पाकळ्या, इंचभर आलं, कोथिंबीर घालून बारीक वाटा. चार मोठे चमचे शेंगदाणा तेलात वाटण तेल सुटेपर्यंत परता. हीच पायरी लोक घाईत उरकतात, मग तर्री येत नाही. दोन चमचे काळा मसाला, हळद, मीठ, अडीच वाट्या गरम पाणी घालून रस्सा दहा मिनिटं उघडाच उकळू द्या. आता झिंगे सोडा. करडा, काचेसारखा रंग जाऊन पांढरा-गुलाबी झाला आणि इंग्रजी 'सी'सारखा बाक आला की गॅस बंद. शेपूट डोक्याकडच्या टोकाला टेकून गोल वेटोळं झालं, म्हणजे जास्त शिजले.

लिंबू आधी लावायचं तर दहाच मिनिटं. आंबटाने मांस वरून आवळतं. त्यापेक्षा वाढताना पिळा.

कळण्याची भाकरी:
पाण्याचं मूळ पाकिटात आहे. गोठवलेल्या झिंग्यांवर बर्फाचा थर असतो; निव्वळ वजन वाचूनच घ्या. रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात चाळणीत ठेवा, खाली भांडं. घाई असेल तर पिशवी बंद ठेवून गार पाण्यात अर्धा तास. गरम पाणी नको, बाहेरचं मांस आधीच शिजू लागतं. मग फडक्याने कोरडे करा आणि मीठ-हळद लावून पंधरा मिनिटं ठेवा. सुटलेलं पाणी फेकून द्या; रश्श्यातलं मीठ त्या अंदाजाने कमी.

डोक्यासकट मिळाले तर घरी आल्याबरोबर डोकी काढा. डोक्यातल्या पाचक रसाने मांस लिबलिबीत होतं. पाठीला चीर देऊन काळा दोरा काढा, राहिला तर कचकच लागते. डोकी-सालं तेलात परतून तीन वाट्या पाण्यात पंधरा मिनिटं उकळा, गाळा. रश्श्यात साध्या पाण्याऐवजी हेच घाला. अमोनियासारखा उग्र वास आला तर मात्र सगळे टाका. मसाल्याने तो झाकत बसू नका.

तापीकाठ:
चिमूटभर खाण्याचा सोडा लावतात म्हणे?

अमळनेरी:
लावतात. पाव चमचा अर्धा किलोला, पंधरा मिनिटं, मग धुऊन टाका. मांस करकरीत राहतं. पण ते तव्यावर परतायच्या झिंग्यांना. रश्श्याला गरज नाही. जास्त झाला तर साबणासारखी चव येते.

कळण्याची भाकरी:
आणि उरलं तर झिंग्यांसकट पुन्हा उकळू नका. झिंगे बाजूला काढा, रस्सा खळखळून उकळा, गॅस बंद करून झिंगे परत घाला आणि ते आतपर्यंत गरम होईस्तोवर झाकण ठेवा.