शब्दचर्चा: ‘फेवरिट’ म्हणजे आवडता की जिंकणारा?

प्रश्न

ऑस्करच्या निकालाआधी भरायचा अंदाजांचा तक्ता पूर्ण मराठीत करायचा आहे. ‘फेवरिट’च्या जागी ‘आवडता’ लिहिले, की काही जण मनाला भावलेला चित्रपट भरतात आणि काही जण जिंकेल असे वाटणारा. दोन्हींसाठी वेगळे, रुळलेले शब्द आहेत का? आणि तक्त्याचा मथळा काय असावा: अंदाज, भाकीत, अटकळ की होरा?

उत्तर

घोड्यांच्या शर्यतीतला फेवरिट म्हणजे ज्याच्यावर सर्वात जास्त पैसा लागला आहे तो घोडा. तो कुणाचा लाडका असायची गरज नाही. या अर्थासाठी मराठीत ‘प्रबळ दावेदार’ चांगला रुळला आहे. नुसता ‘दावेदार’ म्हणजे शर्यतीतला कोणीही, त्यामुळे ‘प्रबळ’ गाळू नका. ‘आवडता’ हा शब्द मनाच्या कौलासाठी राखून ठेवा. वर्षाअखेरीच्या यादीलाही ‘आवडते चित्रपट’च म्हणा. ‘सर्वोत्कृष्ट’ म्हटले की सगळे पाहून, निकष लावून निवड केल्याचा दावा येतो.

तक्त्यात मात्र नामांऐवजी क्रियापदे घाला. पहिला रकाना ‘जिंकावा’, दुसरा ‘जिंकेल’. इच्छा आणि अंदाज यांच्यातला फरक मराठी क्रियापद एका प्रत्ययात दाखवते, मग शब्द कशाला शोधायचा? क्रमही हाच ठेवा. इच्छा आधी कागदावर उतरली की ती अंदाजात कमी घुसते. दोन्ही रकान्यांत जवळपास सगळीकडे एकच नाव आले, तर ‘जिंकेल’चा रकाना पुन्हा भरायला सांगा.

व्याकरणाची हरकत येईल म्हणून आधीच सांगतो. ‘जिंकणे’ सकर्मक आहे, म्हणून ‘या चित्रपटाने पुरस्कार जिंकावा’. पण कर्म गाळले की कर्त्याचा ‘ने’ही गळतो: ‘भारत जिंकला’, ‘भारत जिंकावा’. त्यामुळे ‘हा चित्रपट जिंकावा’ बरोबर आहे.

उत्तर

मथळ्याला ‘अंदाज’ पुरे. बाकीचे शब्द समानार्थी नाहीत, प्रत्येकाचे वजन वेगळे आहे. ‘अटकळ’ बांधतात ती तुटपुंज्या खुणांवरून. ‘भाकीत’ ठामपणे केलेले असते आणि चुकले तर करणाऱ्याला जाब विचारता येतो (लिहिताना भाकीत, पण भाकिते, भाकिताला). ‘होरा’ ज्योतिषातून आला आहे, कारण न देता केलेल्या अंदाजाला तो शोभतो.

ऑस्करच्या बाबतीत सर्वात कामाचा शब्द तुमच्या यादीत नाही: ‘ठोकताळा’. जुन्या निकालांवरून बसवलेला ढोबळ नियम. एक नमुना घ्या. संकलनाचे नामांकन नसेल तर सर्वोत्कृष्ट चित्रपट मिळत नाही, हा ठोकताळा १९८१ ते २०१३ या वर्षांतल्या चित्रपटांना सलग लागू पडला. २०१४च्या ‘बर्डमॅन’ने तो मोडला. कारणही उघड आहे: अख्खा चित्रपट एकाच सलग शॉटमध्ये घेतल्यासारखा दिसावा अशी त्याची रचना होती, म्हणजे कात्री दिसू न देणे हेच संकलकाचे काम. पुढे २०२१च्या ‘कोडा’लाही संकलनाचे नामांकन नव्हते आणि तरी तो जिंकला. ठोकताळ्याशेजारी तो का चालत होता हे लिहून ठेवले, तर कुठे मोडेल तेही आधी दिसते.

आणखी एक, वर्ष लिहिताना घोळ होतो. ‘पॅरासाइट’ २०१९चा, त्याचा सोहळा फेब्रुवारी २०२०मधला. ‘२०२०चे ऑस्कर’ म्हणून भागत नाही, ‘९२वा सोहळा’ असे लिहा.

दुरुस्ती आणि भर

वरच्या चर्चेत मतमोजणीचे शब्द राहिले, आणि अंदाज चुकतात ते बहुधा तिथेच. ‘सर्वाधिक मते’, ‘बहुमत’ आणि ‘मताधिक्य’ हे तीन शब्द बातम्यांत सर्रास एकमेकांच्या जागी येतात. सर्वाधिक मते म्हणजे इतर कोणाहीपेक्षा जास्त. बहुमत म्हणजे निम्म्याहून अधिक. मताधिक्य म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्यातला फरक.

ऑस्करच्या अंतिम फेरीत अभिनय, दिग्दर्शन वगैरे विभागांत सर्वाधिक मतांवर निकाल लागतो. सर्वोत्कृष्ट चित्रपटाला मात्र बहुमत लागते, आणि ते ‘पसंतीक्रमा’च्या मतदानाने गाठले जाते. २००९च्या चित्रपटांपासून ही पद्धत परत आली. विधान परिषदेच्या निवडणुकीमुळे ‘पहिल्या पसंतीची मते’ हा शब्दप्रयोग आपल्या वाचकाच्या ओळखीचा आहे, तोच वापरा.

समजा १०० मतपत्रिका आहेत. पहिल्या पसंतीची मते अशी: क ३४, ख ३०, ग २०, घ १६. कोणीच ५० ओलांडले नाहीत, म्हणून तळाचा घ बाद. त्याच्या १६ पत्रिकांवरची दुसरी पसंती पाहिली: १२ ख कडे, ४ ग कडे. आता क ३४, ख ४२, ग २४. ग बाद. त्याच्या २४पैकी १८ ख कडे, ६ क कडे. शेवटी ख ६०, क ४०. सर्वाधिक मतांचा नियम असता तर क जिंकला असता.

म्हणून या एका विभागात ‘सर्वांत जास्त लोकांचा लाडका कोण’ हा प्रश्न अपुरा पडतो. फारसा कोणाला न खटकणारा, बहुतेकांच्या यादीत दुसरा-तिसरा असलेला कोण, हे पाहावे लागते. अमेरिकेतल्या निर्मात्यांच्या संघटनेचा पुरस्कारही पसंतीक्रमानेच ठरतो, त्यामुळे आडाखे बांधताना त्याला जास्त वजन देतात. तरी २०१६, २०१७ आणि २०२०च्या सोहळ्यांत तिथला विजेता ऑस्करला हरला. २०२०मध्ये तर ‘१९१७’कडे निर्मात्यांचा आणि दिग्दर्शकांच्या संघटनेचाही पुरस्कार होता, आणि जिंकला ‘पॅरासाइट’. वजन द्या, पण भाकीत म्हणू नका.

अशा आधीच्या पुरस्कारांना कोणी ‘प्रीकर्सर’ म्हणतात. मला ‘नांदीचे पुरस्कार’ आवडेल.

उत्तर

‘नामांकन’बद्दल कळकळीने लिहावेसे वाटते, कारण दरवर्षी तीच चूक होते. भारताकडून पाठवला जातो ती ‘प्रवेशिका’. मराठीतले ‘श्वास’, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि ‘कोर्ट’ हे तिन्ही चित्रपट भारताच्या प्रवेशिका होते. त्यांना ‘ऑस्कर नामांकन मिळाले’ असे लिहिणे चूक आहे. आंतरराष्ट्रीय विभागात प्रवेशिकांतून १५ चित्रपटांची ‘लघुयादी’ निघते आणि त्यातल्या ५ चित्रपटांना ‘नामांकन’ मिळते. गुजराती ‘छेल्लो शो’ लघुयादीपर्यंत पोहोचला, नामांकनापर्यंत नाही. भारताच्या प्रवेशिकांपैकी ‘मदर इंडिया’, ‘सलाम बॉम्बे’ आणि ‘लगान’ यांनी तो टप्पा गाठला.

‘मानांकन’ हा तर वेगळाच शब्द. तो दर्जाचा किंवा क्रमाचा, जसा टेनिसमधला अग्रमानांकित खेळाडू. आणि आपल्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत नामांकन हा टप्पाच नाही. प्रवेशिका परीक्षक मंडळाकडे जातात आणि थेट निकाल जाहीर होतो. तिथे ‘नामांकन मिळाले’ म्हणणे निरर्थक आहे.

प्रश्नकर्ता

रकान्यांची नावे ठरली, आभार. तिसरा रकाना नामांकनच न मिळालेल्यांसाठी ठेवतो आहे. त्याला ‘डावललेले’ म्हणू का?

उत्तर

‘हुकलेले’ म्हणा. डावलण्यात कोणीतरी समोर बसून मुद्दाम बाजूला सारल्याचा अर्थ आहे. परीक्षक मंडळ एकत्र बसून ठरवते तिथे तो लागू पडेल. ऑस्करची नामांकने गुप्त मतदानाने ठरतात, आणि बहुतेक विभागांत फक्त त्या त्या शाखेचे सभासद मत देतात: दिग्दर्शकांना दिग्दर्शक, संकलकांना संकलक. सर्वोत्कृष्ट चित्रपटाला सगळे. म्हणूनच २०१३मध्ये ‘आर्गो’च्या दिग्दर्शकाचे नामांकन हुकले आणि चित्रपट मात्र सर्वोत्कृष्ट ठरला.